सव्वीस नंबरची जागा

३ ऑक्टोबर, मंगळवार

डॉक्टरांनी सांगितलंय, भीती वाटली की ती कागदावर उतरवा, रक्तदाब आपोआप उतरेल. आजपासून उतरवायला सुरुवात करतो. आज उतरवायला भरपूर आहे.

जेट्टीच्या नव्या कंपनीचा करार आला. अकरा पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली, अक्षर मुंगीएवढं. व्यवस्थापक स्वतः बोटीवर येऊन देऊन गेला. त्याच्या कमरेला तीसेक किल्ल्यांचा जुडगा असतो, म्हणून सगळे त्याला मागून किल्ल्या म्हणतात आणि पुढून साहेब.

"अठरा तारखेपर्यंत सही करून द्या काका," म्हणाला.

"आणि नाही जमलं तर?"

"तर काय, अठराला जुना करार संपतो. एकोणिसाला जागा रिकामी करायची." एवढं बोलून हसला. मला काही हसू आलं नाही.

जागा म्हणजे सव्वीस नंबरची. जेट्टीच्या पार टोकाला, बाहेरच्या बाजूला. बोटीचं एक अंग जेट्टीला बांधलेलं, दुसरं पाण्यात रोवलेल्या जाड लाकडी खांबाला. एवढ्यावर आमचा संसार तरंगतोय. मे महिन्यात दोन खोल्यांचं घर विकून ही बोट घेतली. मी एकतीस वर्षं लिफ्टचे दोर तपासले, निवृत्त झालो, आणि त्या दिवशी ही म्हणाली, "अहो, तुमच्या भीतीच्या मापाचं घर मी तीस वर्षं चालवलं. आता एकदा माझ्या मनासारखं होऊ दे." तिला लहानपणापासून पाण्यावर राहायचं होतं. मी म्हटलं, समजा बुडालो तर? ती म्हणाली, "जमिनीवर तरी कुठे निर्धास्त असता? आता पाण्यावर घाबरा, तेवढाच बदल."

बोट गेली तर परत जायला घर नाही. हे एक वाक्य दिवसभर डोक्यात फिरतंय. आता लिहिलं. उतरलं काहीच नाही.

४ ऑक्टोबर, बुधवार

करार वाचला. पट्टी धरून एकेक ओळ, हातात लाल पेन्सिल. दोर असाच तपासतात. एका वेढ्यात किती तारा तुटल्यात ते मोजायचं, ठरल्यापेक्षा जास्त निघाल्या की दोर बाद. हा करार लिफ्टचा दोर असता तर मी त्या इमारतीतल्या माणसांना जिन्याने जायला सांगितलं असतं.

कलम सात. कंपनी आपली बोट कधीही, न विचारता, न कळवता, दुसऱ्या कुठल्याही जागी हलवू शकते. समजा आपण बाजारातून परत आलो आणि घर जागेवर नाही तर?

कलम नऊ. वादळाची सूचना लागली की सहा तासांत बोट बंदराबाहेर काढायची. सूचना ऑफिसच्या फलकावर चिकटवली की ती आपल्याला मिळाली असं धरायचं, आपण वाचली असो वा नसो. जवळची सुरक्षित खाडी आमच्या इंजिनाला नऊ तासांवर. म्हणजे नियम पाळला तर वादळ आम्हाला भर समुद्रात गाठणार.

कलम बारा. बोटीचं काहीही नुकसान झालं, अगदी कंपनीच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झालं, तरी कंपनी जबाबदार नाही. उलट बोटीमुळे जेट्टीला धक्का लागला तर भरपाई आपण द्यायची. ती होईपर्यंत बोट त्यांच्या ताब्यात.

हे शेवटचं वाचलं आणि तोंडचं पाणी पळालं. हिला वाचून दाखवलं. ती भांडी घासत होती, म्हणाली, "मग जाऊन बोला की."

तिला सगळं इतकं सोपं वाटतं.

संध्याकाळी आणखी एक. किल्ल्या आमच्या बोटीजवळ आला, बराच वेळ उभा राहिला. ओहोटी होती. वाकून आमच्या खांबाला एका मोठ्या किल्लीने ठक ठक केलं, मग वरून खालपर्यंत बघितलं, वहीत काहीतरी टिपलं. मी केबिनच्या पडद्याआडून बघत होतो. बोटीचं माप घेत असणार, ताब्यात घ्यायची तयारी. रात्री झोप येणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तीनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा परत आलो. पहिल्यांदा आत कुणीतरी होतं. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं, म्हणून घाबरलो. तिसऱ्यांदा दाराला हात लावला आणि आतून किल्ल्यांचा आवाज आला.

परतीच्या वाटेवर शिवणवाली भेटली. चार नंबरच्या जागेवर तिची छोटी बोट आहे, अगदी आतल्या बाजूला, दगडी बांधाच्या आडोशाला. सगळ्या बोटींच्या ताडपत्र्या तीच शिवते. बोटीतच तिचं मोठं मशीन, त्याच्या शेजारी झोपायला फळी. एकटी राहते, पस्तिशीची असेल. आमचं छतसुद्धा तिनेच शिवलंय, उसवलंय कुठे हे बघायला आपणहून येते.

"काका, कराराचं काय करताय?" तिने विचारलं.

"वाचतोय."

"अजून?" ती हसत सुटली. "मी तर पहिल्याच दिवशी सही ठोकून मोकळी झाले. वाचत बसले तर ताडपत्र्या कोण शिवणार?"

मला तिचा हेवा वाटला. नंतर तिचीच काळजी वाटली, आणि मग परत स्वतःची.

७ ऑक्टोबर, शनिवार

हिने तिच्या भावाला फोन लावून माझ्या कानाला चिकटवला. मेहुणा कोर्टात कारकून आहे. त्याला कुणी काही विचारलं की तो आधी खोकतो, म्हणजे आपण न्यायाधीश आहोत असं समोरच्याला वाटावं.

"दाजी, छापलेला करार म्हणजे देवाने दिलेला नव्हे," म्हणाला. "त्यांनी त्यांच्या सोयीचं लिहिलंय, तुम्ही तुमच्या सोयीचं मागा. फार तर नाही म्हणतील. पण एकदम सगळं मागू नका. ज्याने घर जाईल ते आधी धरा."

"आणि ते चिडले तर?"

"चिडू द्या. चिडलेला माणूस जास्त बोलतो."

मी कागदावर लिहून काढलं. नऊ, बारा, सात, या क्रमाने. ही वाचून म्हणाली, "बघा, तुमच्या 'समजा'चा पहिल्यांदा काहीतरी उपयोग होतोय."

किल्ल्या आजही येऊन गेला, परत तीच ठक ठक. त्याची स्वतःची छोटी होडी इतके दिवस आमच्याच खांबाच्या पलीकडच्या अंगाला बांधलेली असायची, ती आज त्याने सोडून पलीकडे नेली. आमच्याशी वैर धरलंय हे आता उघड झालं. शेजारसुद्धा नको झालाय त्याला.

९ ऑक्टोबर, सोमवार

जमलं! थोडं जमलं.

गेलो आणि उभ्या उभ्याच बोलायला लागलो, कारण बसलो असतो तर उठून पळालो असतो. सहा तास, नऊ तास, भर समुद्र, सगळं सांगितलं. बोलताना घसा इतका कोरडा पडला की त्याने न मागता पाणी दिलं. ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडेल. तो आपला किल्ल्या चाळवत खिडकीबाहेर बघत बसला.

"बरोबर आहे तुमचं," अखेर म्हणाला. "नववं बदलून देतो. चोवीस तास आधी, आणि तुम्हाला फोन करून कळवायचं. फलकावर नाही."

मला खुर्चीत बसावं लागलं.

"पण बारावं तसंच राहील," तो म्हणाला. "वरून एवढंच एक वाक्य वाढवू. 'जेट्टी, खांब आणि कड्या मी स्वतः तपासल्या आहेत व त्या सुस्थितीत आहेत,' असं तुम्ही लिहून द्यायचं. तुम्ही तर तपासण्यातलेच माणूस. तुमच्या शब्दाला वजन आहे."

खरं सांगायचं तर छाती फुगली. निवृत्त झाल्यापासून माझ्या शब्दाला वजन आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. आमचे दोर मी महिन्याला तपासतो, कड्यांना तेल घालतो, सगळं व्यवस्थित आहे. मग लिहायला काय हरकत? मसुद्यावर दोघांनी आद्याक्षरं केली. पक्की सही अठराला.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने विचारलं, "ते वाक्य त्याने आपणहून घातलं?"

"हो. माझ्यावर विश्वास आहे म्हणून."

तिने चहा कडक केला.

११ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी मोठी ओहोटी होती. पाणी एरवी कधी जात नाही इतकं खाली गेलं. खांबावरचा दोर जरा खाली घ्यावा म्हणून बोटीला बांधलेल्या आमच्या छोट्या होडीत बसून खांबाशी गेलो. वर खांब माझ्या कवेत मावणार नाही इतका जाड. पाण्याच्या रेषेपाशी मात्र तो खाऊन टाकलेल्या कणसासारखा दिसत होता. आधी वाटलं शेवाळ असेल. स्क्रू-ड्रायव्हर टोचला. मुठीपर्यंत आत गेला, काही जोर न लावता.

बाहेर काढला तर भोकातून पाणी आलं. लाकूड पोखरणारे पांढरे किडे होते.

एकतीस वर्षं. एकतीस वर्षं मी दोर तपासले, आणि दोर वर ज्या तुळईला अडकवलेला असतो ती तुळई कधी बघितली नाही. ते आमचं कामच नव्हतं. दोर आमच्या खात्यात, तुळई इमारतवाल्यांच्या. अहवालावर तसा रकानाच नसायचा. इथे पाच महिने महिन्याच्या महिन्याला मी त्या खांबाचा दोर तपासून वहीत 'उत्तम' लिहीत होतो. ज्या दिवशी पाणी जोरात ओढेल त्या दिवशी दोर टिकेल, आणि बोट त्या दोरासकट, खांबासकट दगडांवर जाईल. आणि कागदावर माझीच आद्याक्षरं की खांब मी स्वतः तपासला.

किल्ल्या माप घेत नव्हता. वाजवून बघत होता. आणि त्याने आपली होडी का हलवली, तेही कळलं.

इतकी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

हिला रात्री सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडावर वाचता येतं म्हणे. सगळं ऐकून तिने आधी केबिनच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, आणि मग म्हणाली, "आपल्या आधी या जागेवर कोण होतं? त्यांनी का सोडली?" मला हे कधी सुचलंच नव्हतं.

मेहुण्याला फोन केला. आज तो खोकायलासुद्धा विसरला. "आद्याक्षरं म्हणजे सही नव्हे, दाजी, घाबरू नका. सगळं पत्रात लिहा. खांबाचा फोटो लावा, तारीख टाका, आणि पत्र पोचल्याचा शिक्का घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय तिथून हलू नका. पत्र एकदा त्यांच्या दप्तरी गेलं की त्यांना माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही."

ही म्हणाली, "शिवणवालीलाही सांगा. सगळ्यांनाच सांगा. आणखी किती खांब असे असतील!"

"आधी आपलं मार्गी लागू दे," मी म्हटलं. "सगळीकडे बोभाटा झाला आणि त्यांनी आपल्यालाच बाहेर काढलं तर?"

"तुमचं बरोबर असेल," ती म्हणाली. तीस वर्षांत हे वाक्य तिने चार वेळा म्हटलं असेल, आणि त्यातल्या एकाही वेळी माझं बरोबर नव्हतं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पत्र दिलं. किल्ल्याने फोटो बघितला, उठला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं आता मारतो. पण तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"कुणाला सांगितलंत?"

"फक्त बायकोला." मेहुण्याचं नाव का लपवलं कुणास ठाऊक.

"मी वर तीनदा लिहून पाठवलंय," तो हळूच म्हणाला. "काही होत नाही. वरून बाराव्या कलमाचं वाक्य आलं." मग एकदम सावरून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे, सोमवारी मोठ्या ऑफिसातून बाई येतील, त्यांच्याशी बोला."

शिक्का मारायचा तो विसरला. मीही उठून निघालो होतो, पण दारातून परत फिरलो आणि म्हटलं, "शिक्का." एवढाच एक शब्द. त्याने मारला. हे मी केलं, हे नोंदवून ठेवतो.

१६ ऑक्टोबर, सोमवार

बाई फार गोड बोलतात. मी आत गेल्यावर उठून उभ्या राहिल्या. त्यांना माझं पत्र पाठ होतं.

मी मागायच्या आधीच त्यांनी दिलं. सव्वीस नंबर नको, चार नंबर घ्या, आतल्या बाजूची, बांधाच्या आडोशाची, तिथले खांब सिमेंटचे. सातवं कलम तुमच्यापुरतं रद्द, तुमची बोट कुणी हलवणार नाही. नववं ठरल्याप्रमाणे. बारावं तुमच्यापुरतं बदललं, आमच्या चुकीने नुकसान झालं तर जबाबदार आम्ही. एकेक वाक्य ऐकताना खांद्यावरून पोती उतरवल्यासारखं होत होतं.

"चार नंबर रिकामी आहे?" मी विचारलं.

"होतेय रिकामी," बाई म्हणाल्या.

शेवटी वेगळं एक पान होतं. कराराच्या अटी आणि जेट्टीच्या अवस्थेबद्दल मी कुणाशीही काही बोलायचं नाही. बोललो तर करार तिथल्या तिथे रद्द, आणि चोवीस तासांत बोट बाहेर. "औपचारिकता," बाई म्हणाल्या आणि स्वतःचं पेन पुढे केलं. छान जड पेन होतं.

सही केली. जीव भांड्यात पडला. अठराची वाट बघायचीही गरज उरली नाही.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती आनंदाने उडी मारेल. तिने विचारलं, "सव्वीस नंबरचं काय करणार ते?"

"दुरुस्त करतील. तोवर मोकळी ठेवतील."

"असं लिहून दिलंय?"

"अगं, मी माझ्या जागेचं बोलायला गेलो होतो की सगळ्या बंदराचं?" जरा आवाज चढला माझा. नंतर वाईट वाटलं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी चार नंबरवर आलो. किती शांत आहे इथे! पाणी बशीत ओतल्यासारखं स्थिर. सिमेंटचे खांब मी वरून खालपर्यंत ठोकून बघितले, एकसारखा आवाज. कड्या, दोर, खांब, सगळ्यांसमोर 'उत्तम' लिहिलं, आणि या वेळी ते खरं आहे.

जागा रिकामीच होती आम्ही आलो तेव्हा. शिवणवाली इथे असायची. कुठेतरी काम पोचवायला गेली असेल बोट घेऊन. किंवा तिला याहून चांगली जागा दिली असेल. ती पहिल्याच दिवशी सही करून मोकळी झाली होती, कंपनी तिच्यावर खूश असणार.

हिने दिवसभर सामान लावलं नाही. खोकी तशीच आहेत. थकली असेल.

रेडिओवर समुद्रात कमी दाबाचा पट्टा वगैरे म्हणत होते. इथे बांधाच्या आडोशाला मला त्याचं काही वाटत नाही. खूप दिवसांनी गाढ झोप लागेल.

१८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पाणी भरायला जेट्टीच्या टोकाकडच्या नळावर गेलो. सव्वीस नंबरवर शिवणवालीची बोट होती.

ती कपडे वाळत घालत होती, मला बघून हात हलवला. "काका! मला इकडे आणून टाकलं बघा. काल सकाळी दोन माणसं आली, दोर सोडला आणि ओढत घेऊन आली. मी मशीनवर बसलेली होते तशीच! सातवं कलम आहे म्हणे. तुम्ही वाचलंय ना, काय आहे हो ते?"

मी म्हटलं, असतं असं काहीतरी.

"बरंय इथे. उजेड भरपूर, शिवायला बरा. वारा जरा लागतो. पण तुमची जागा म्हणजे चांगलीच असणार, तुम्ही कुठे वाईट जागी राहाल?" ती हसली. खरंच हसली, टोमणा नव्हता.

ती ज्या खांबाला बांधलेली आहे त्या खांबात मी टोचलेलं भोक आहे. भरती होती, ते पाण्याखाली होतं. मी वरून बघत उभा होतो. तोंड उघडलं तर चोवीस तास, आणि मग आम्ही दोघं कुठे? तिचे दोर जुने, विटलेले. मी परत आलो, माळ्यावरचे नवे दोर काढले, दोन चांगले जाड, अजून न वापरलेले, आणि तिला नेऊन दिले.

"अहो काका, एवढे महागाचे!"

"राहू दे. वारा लागतो ना इथे." मी स्वतः बांधून दिले. गाठी मारताना म्हटलं, "दोर एकदम पक्के आहेत. शंभर टक्के. माझ्यावर विश्वास ठेव."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आमच्या छताची शिवण फुकट करून देईन म्हटलं.

परत आलो. हिने विचारलं, "दोर कुठे गेले?" सांगितलं. "तिला दोर दिलेत," म्हणाली. एवढंच.

मी वाईट माणूस नाही. मी घाबरट माणूस आहे. आजवर मला वाटायचं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी साडेसातला फोन वाजला. जेट्टीचं ऑफिस. उद्या सकाळपासून वादळ, कलम नऊप्रमाणे चोवीस तास आधी कळवत आहोत, आपली जागा आडोशाची असल्याने इथेच राहिलात तरी चालेल. मी विचारलं, "बाकीच्यांना कळवलं का?" पलीकडच्या माणसाला प्रश्नच समजला नाही. "त्यांच्यासाठी फलक आहे ना काका. वेळ झाली की चिकटवू."

म्हणजे आख्ख्या जेट्टीवर फोन फक्त मला आला. हे मी मागून घेतलं होतं, पाणी पिऊन, उभ्या उभ्या.

हिला सांगितलं. तिने ऐकलं, केस बांधले आणि म्हणाली, "त्या करारावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"बरं." आणि तिने मला बोटीच्या पुढच्या टोकाकडचे दोर बघून यायला सांगितलं. गरज नसताना गेलो. दोर उत्तम होते.

परत आलो तर ही केबिनमध्ये नाही. ज्या खणात करार ठेवला होता तो उघडा, करार नाही. ते वेगळं पानसुद्धा नाही. खिडकीतून बघितलं तर ती जेट्टीच्या टोकाला पोचलेली, शिवणवालीच्या बोटीवर. दोघी मशीनशेजारी बसल्यात आणि हिच्या मांडीवर आपली अकरा पानं. दोन बोटींपलीकडचा म्हातारा कोळीही तिथे येऊन उभा आहे. आणि किल्ल्या ऑफिसातून निघून जेट्टीवरून त्यांच्याकडे चाललाय, घाईने, जुडगा हाताने दाबून धरलाय, वाजू नये म्हणून की काय.

लिहितोय कारण दुसरं काही सुचत नाही. चोवीस तासांत बोट बाहेर, आणि बाहेर वादळ. घर नाही. आम्ही कुठे जाऊ? हिला हे काहीच कसं सुचलं नाही? मला विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं. तिला ते माहीत होतं.

आणि एक. वही उघडली तर आत, आजच्या कोऱ्या पानावर, हिचा चष्मा ठेवलेला होता. ही भाजी निवडायलासुद्धा चष्म्याशिवाय बसत नाही, आणि त्या करारातली एक ओळ तिला चष्म्याशिवाय लागायची नाही. विसरली असणार घाईत. तिथे नुसतीच पानं उलटत बसलीय, इथूनही दिसतंय. चष्मा नेऊन द्यायला हवा. आणि तिथे गेलो की सातवं, बारावं, खांबाचं, सगळं मलाच वाचून दाखवावं लागणार, तिला कलमं कुठे पाठ आहेत?

किल्ल्या पोचलाच. चष्मा खिशात घातला. जातो.